देशी बहुवर्षायू झाडांचा पट्टा आणि फुलपाखरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंपणालगत, वाटेच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी जी लांबट जागा उरते तिथे देशी आणि वर्षानुवर्षं टिकणारी झाडं लावली, की ती जागा फुलपाखरं, मधमाश्या, भुंगे आणि पतंग यांच्या कामाची होते. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लावण्याची पद्धत कुठेही सारखीच. झाडांची नावं मात्र मुख्यतः सह्याद्री आणि दख्खनच्या पठारावरची आहेत, कारण ‘देशी’ म्हटलं की कुठला तरी एक मुलूख धरावाच लागतो. तुमचा मुलूख वेगळा असेल तर त्याच कुळातली तुमच्याकडची झाडं शोधा.

बागेत फुलं भरपूर आहेत, फुलपाखरं येतातही. पण थांबत का नाहीत?

कारण तुमच्या बागेत त्यांची खाणावळ आहे, घर नाही. मकरंद पिऊन ती पुढे जातात. फुलपाखराच्या आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणून जातो आणि अळीला फुलांशी काही देणंघेणं नसतं, तिला पानं लागतात. तीही कुठलीही नाहीत. बहुतेक जातींच्या अळ्या एका ठरावीक कुळातल्या, काही तर एखाद-दोन जातींच्याच झाडांवर वाढतात. मादी अंडी घालायला जागा शोधते तेव्हा पानावर उतरून पुढच्या पायांनी ते अक्षरशः चाखून बघते. ओळखीची चव लागली नाही तर उडून जाते.

म्हणून पट्ट्याची आखणी पानांपासून सुरू करावी आणि फुलांकडे नंतर यावं. नर्सरीत गेल्यावर बहुतेक जण नेमकं उलट करतात. अळीच्या झाडाला खाद्यवनस्पती म्हणतात. लावायच्या झाडांपैकी निदान निम्मी तरी खाद्यवनस्पती असावीत, असं माझं मत आहे.

कोणत्या फुलपाखरासाठी कोणतं झाड लावायचं?

सगळ्यात सोपी सुरुवात लिंबाच्या कुळापासून होते. कढीपत्ता, लिंबू, बेल आणि रानातला माकडलिंबू या सगळ्यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपला नीलवंत, हाही याच कुळावर वाढतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. या अळ्या लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून अनेकांच्या नजरेतून सुटतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. हात लावला तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात.

रुई आणि मांदार यांच्यावर प्लेन टायगर येतो. त्यांच्या चिकातलं विष अळीला बाधत नाही, उलट ती ते अंगात साठवते. फुलपाखरू झाल्यावरही पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनाइड एगफ्लायची मादी स्वतः विषारी नसते, पण रंगरूपाने हुबेहूब प्लेन टायगर असते. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. म्हणजे पट्ट्याच्या पुढच्या कडेला आपोआप उगवलेली घोळ सरसकट उपटू नका.

नक्कल करण्याचा आणखी एक प्रकार घरच्या घरी बघता येतो. कॉमन रोज आणि क्रिम्सन रोज ही दोन्ही फुलपाखरं ईश्वरीच्या वेलावर वाढतात आणि त्या वेलातल्या विषामुळे बेचव होतात. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या या दोघांसारख्या दिसतात. कुंपणावर ईश्वरी आणि शेजारी कढीपत्ता असेल तर अस्सल आणि नक्कल दोन्ही एकाच सकाळी दिसू शकतात.

चित्रक हे माझ्या दृष्टीने लहान जागेसाठी सगळ्यात गुणी झुडूप आहे. पांढऱ्या फुलांचं, गुडघ्याएवढं-कमरेएवढं वाढणारं आणि थोड्या सावलीतही खूश राहणारं. त्याच्या कळ्यांवर झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू अंडी घालतं. कोरांटीवर लेमन पॅन्झी येतं. अनंतमुळावर कॉमन क्रो येतो. त्याचा कोष चकचकीत, आरशासारखा असतो. हरणदोडीवर ब्लू टायगर, भूतकेसावर कमांडर, तरवड-बहाव्याच्या गटावर पिवळट-पांढरे एमिग्रंट. रानहळदीच्या पानांच्या गुंडाळ्या झालेल्या दिसल्या तर आत ग्रास डेमनची अळी असण्याची शक्यता असते.

गवत मात्र सगळे विसरतात. कॉमन इव्हनिंग ब्राउन आणि स्किपर गटातली कितीतरी फुलपाखरं गवतावरच वाढतात. दोन-चार ठोंब कुसळी गवताचे किंवा वाळ्याचे लावले तर ती सोय होते, आणि वाळ्याची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात तो फायदा वेगळाच.

देशीच का? परदेशी फुलांतही मकरंद असतोच की.

असतो, आणि मोठी फुलपाखरं तो आनंदाने पितात. देशी झाडाचा खरा फरक पानांत आहे. प्रत्येक वनस्पती किडीपासून बचावासाठी स्वतःची रसायनं बनवते. त्या रसायनांना तोंड देण्याची क्षमता एखाद्या कीटकात यायला फार मोठा काळ लागतो. दूरदेशाहून आणलेल्या झाडाचं पान इथल्या बहुतेक अळ्यांना खाताच येत नाही. उत्तर अमेरिकेतलं मोनार्क हे फुलपाखरू हजारो किलोमीटर स्थलांतर करतं, पण त्याच्या अळीला मिल्कवीड गटातली, म्हणजे रुईच्या नात्यातली झाडंच लागतात. ती कमी झाली की मोनार्क कमी होतो.

याला अपवाद असतात. हळदीकुंकू नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं, पण ते मिल्कवीडच असल्यामुळे प्लेन टायगर त्यावर बिनदिक्कत अंडी घालतो. तेच झाड अमेरिकेच्या दक्षिण भागात लोकांनी हौसेने लावलं तेव्हा वेगळीच अडचण आली. तिथे ते थंडीतही हिरवं राहतं, आणि त्यावर वर्षभर टिकून राहणाऱ्या मोनार्कमध्ये एका परजीवीचा संसर्ग वाढतो. म्हणून एखादं परदेशी झाड आधीपासून असेल तर लगेच कुऱ्हाड घेऊन धावण्याची गरज नाही. नवीन लावताना मात्र देशीच निवडा.

जाता जाता एक सांगतो. देशी झाडाच्याही ‘डबल’ फुलांच्या जाती टाळा. त्यांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला भरगच्च, पण परागकण नाहीत आणि मकरंदापर्यंत पोहोचायची वाटही बंद.

घाणेरीवर तर सगळ्यात जास्त फुलपाखरं बसतात. ती का काढायची?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देण्यात अर्थ नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, जवळजवळ वर्षभर फुलते. तिच्या फुलांचा सपाट गुच्छ फुलपाखरांना उतरायला सोयीचा असतो. पण ही मूळची अमेरिकेतली, शोभेसाठी आणलेली आणि हाताबाहेर गेलेली वनस्पती आहे. तिची फळं पक्षी खातात आणि बिया रानभर टाकतात. जिथे तिची जाळी माजते तिथे खाली दुसरं झाड तग धरत नाही, आणि त्यातच कितीतरी अळ्यांच्या खाद्यवनस्पती असतात. तुमच्या कुंपणात ती आवरलेली दिसते, पण तिच्या बिया कुठे पडल्या हे तुम्हाला कळत नाही.

असेल ती एका दिवसात उपटू नका. आधी शेजारी तरवड, कोरांटी, भारंगी लावा, ती फुलू द्या, आणि मग घाणेरी मुळासकट काढा. नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. पठारांवर आणि रस्त्यांच्या कडेला पसरलेल्या पिवळ्या-केशरी कॉसमॉसचीही तीच गोष्ट. बियांची पाकिटं फुकट मिळाली तरी तो मोकळ्या जमिनीत टाकू नये.

बहुवर्षायूच का? हंगामी फुलं स्वस्त आणि सोपी असतात.

हंगामी झाड दोन-तीन महिन्यांत संपतं, आणि ते उपटताना त्यावरची अंडी-कोषही जातात. दरवर्षी माती उकरली की जमिनीत घर करणाऱ्या, मधमाश्यांच्या गटातल्या माश्यांची बिळं मोडतात. बहुवर्षायू झाडाचं खोड, मुळं, पालापाचोळा जागेवरच राहतो, आणि पुढच्या पिढीला कुठे यायचं ते ठिकाण कायम असतं. मुळं खोल गेली की पाण्याची कटकटही कमी होते. तेरडा, तुंबा असे देशी हंगामी आपणहून उगवले तर राहू द्या.

कारवी लावू का, असं खूप जण विचारतात. ती बहुवर्षायू आहेच, पण सात वर्षांनी एकदा फुलते आणि त्यानंतर मरते. डोंगरउतारावर तिचं ते एक वर्ष मधमाश्यांसाठी सुगीचं असतं. लहान पट्ट्यात मात्र सहा वर्षं नुसती पानं बघायची तयारी हवी.

जागा कशी असावी? पट्टा किती रुंद हवा?

दिवसातून सहा तास तरी ऊन हवं, त्यातही सकाळचं ऊन महत्त्वाचं. फुलपाखरू स्वतःच्या अंगाची ऊब निर्माण करू शकत नाही. उन्हात पंख पसरून स्नायू तापले की मगच ते नीट उडू शकतं. म्हणून पूर्वेला तोंड असलेल्या बाजूला चार-दोन सपाट दगड ठेवा. वारा अडवायला मागे भिंत, कुंपण किंवा झुडपांची रांग असेल तर उत्तम. सतत झोडपणाऱ्या वाऱ्यात फुलावर टिकून बसणं त्यांना जड जातं.

रुंदी चार-पाच फूट मिळाली तर तीन थर बसतात. मागे धायटी, अडुळसा, निर्गुडी, तरवड यांसारखी माणसाएवढी किंवा त्याहून उंच झुडपं. मध्ये कोरांटी, चित्रक, भारंगी. पुढे बुटकी झाडं, तुळस, गवताचे ठोंब. वेल कुंपणावर. रुंदी दोनच फूट असेल तर मागचा थर सोडून द्या, कोंबू नका.

एक चूक फार दिसते. दहा प्रकारची एकेक झाडं रांगेत लावली जातात. बघणाऱ्याला ती विविधता वाटते, पण उडत्या कीटकाला दुरून काहीच ठळक दिसत नाही. एकाच जातीची तीन ते पाच झाडं पुंजक्याने लावा. मधमाशीही एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे पुंजका तिच्या कामाचा आणि झाडाच्या परागीभवनाच्याही.

अंतर ठेवताना रोप किती आहे ते बघू नका, पूर्ण वाढलेलं झुडूप किती पसरेल ते बघा. पहिल्या वर्षी मोकळं मोकळं दिसेल. दिसू द्या.

मातीत काय घालायचं?

फारसं काही नाही. ही माळरानाची, डोंगरउतारांची झाडं आहेत. शेणखत-युरियाचा मारा केला तर पानं माजतात, फुलं कमी येतात आणि मावा मात्र लगेच येतो. पाणी साचत असेल तर तेवढा निचरा सुधारा. लावताना खड्ड्यात ओंजळ-दोन ओंजळी कुजलेलं कंपोस्ट पुरे.

कधी लावायची? पाणी किती द्यायचं?

पहिले एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की लावा. पावसाळ्याचे महिने मुळं धरायला मिळतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा खोलवर पाणी द्या. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यापासून ते कमी करत न्या. तरवड, रुई, धायटी यांना नंतर सहसा पाणी लागतच नाही.

रोपं कुठून आणायची?

रानातून उपटून नक्कीच नाही. अनंतमूळ, चित्रक, ईश्वरी यांची औषधासाठी आधीच भरपूर खोदाई होते. रस्त्याकडेच्या किंवा ओळखीच्या बागेतल्या झाडाच्या थोड्या बिया किंवा फांद्या घ्या. अडुळसा आणि कोरांटी फांदीपासून सहज होतात. तरवडाची बी कडक कवचाची असते. ती गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवली की उगवण सुधारते. धायटीचं बी धुळीसारखं बारीक असतं, ते मातीत पुरू नका, वरच भुरभुरवा.

विकत घेणार असाल तर एक प्रश्न जरूर विचारा: रोपांवर कीटकनाशक मारलंय का? निओनिकोटिनॉइड गटातली औषधं झाडाच्या रसातून पानांत, परागकणांत आणि मकरंदातही उतरतात आणि तिथे बराच काळ टिकतात. त्यातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली ती मधमाश्यांच्या काळजीपोटीच. एकही भोक नसलेलं चकचकीत पान बघून खूश होण्याऐवजी जरा संशय घ्या. कुरतडलेलं रोप मिळालं तर तेच उचला.

वर्षभर काही ना काही फुलत राहील असं कसं जमवायचं?

कागदावर बारा महिने मांडा आणि प्रत्येक महिन्यासमोर कोण फुलतं ते लिहा. रिकामे महिने लगेच दिसतात. पावसाळ्यात भारंगी आणि भूतकेस फुलतात. पाऊस सरताना शतावरीच्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाश्यांची झुंबड उडते, आणि तरवडही बहरतो. ऑक्टोबरपासून कोरांटी आणि चित्रक, थंडीत अडुळसा. थंडी संपताना धायटीच्या लाल फुलांनी फांद्या भरतात, आणि तिथे मधमाश्यांबरोबर शिंजीर पक्षीही येतो. मग करवंद आणि उन्हाच्या तडाख्यात कुडा. निर्गुडी अधूनमधून वर्षभर फुलत असते.

खरी अडचण असते ती उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी. तेव्हा झुडपांपेक्षा मोठी झाडंच उपयोगी पडतात. आसपास बहावा किंवा करंज असेल तर तुमचा पट्टा त्याला जोडलेलाच समजा.

रंगांबद्दल थोडं. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. अनेक फुलपाखरांना लालही दिसतो. पांढरी, सुगंधी, संध्याकाळी उमलणारी फुलं पतंगांसाठी असतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही म्हणून एक मुद्दाम लावाच. आणि पट्ट्यावर रात्रभर दिवा लावून ठेवू नका. पतंग दिव्याभोवतीच फिरत राहतात.

मधमाश्यांसाठी वेगळं काही करावं लागतं का?

‘मधमाशी’ म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं: सातेरी, आग्या, फुलोरी. पण जगात माश्यांच्या या गटाच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकट्या राहतात. राणी नाही, कामकरी नाहीत, मध साठवणं नाही. प्रत्येक मादी स्वतःचं घर स्वतः करते, आणि बहुतेकींचं घर जमिनीत असतं. त्यामुळे सगळी माती आच्छादनाने झाकून टाकली की त्यांचं दार बंद होतं. उन्हाची, कोरडी, न खणलेली दोन-तीन हात जागा उघडी सोडा. पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसली तर ती मुंग्यांचीच असतात असं नाही.

काही माश्या पोकळ काड्यांत राहतात. कात्रणमाशी पानाचे गोल तुकडे कापून नेते आणि त्यांच्या पुंगळ्या करून आत अंडी घालते. पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखा अर्धगोल दिसला तर ती आली असं समजा. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडतो. जुनं लाकूड एका कोपऱ्यात ठेवलंत तर त्याला तुमच्या खिडकीची चौकट लागणार नाही.

भुंग्याला महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. तरवडाचे किंवा वांग्याच्या कुळातल्या फुलांचे परागकोश उकलत नाहीत, त्यांना टोकाशी बारीक छिद्र असतं. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवते आणि त्या कंपनाने पराग बाहेर उडतो. मधमाशीला हे जमत नाही. पोळ्यातल्या माश्या कितीही आणल्या तरी हे काम होणार नाही, आणि म्हणून परागीभवनासाठी पेटी ठेवण्यापेक्षा पट्टा करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

माश्या चावतील ना? घरात लहान मुलं आहेत.

एकट्या राहणाऱ्या माश्यांना राखायला पोळं नसतं. चिमटीत धरली किंवा पायाखाली आली तरच डंख मारण्याची वेळ येते. नराला तर नांगीच नसते. आग्यामाशीचं पोळं हा वेगळा विषय आहे, पण ती पोळं उंच झाडांना, इमारतींना लावते. झुडपांच्या पट्ट्यात नाही.

अळ्यांनी झाड बोडकं केलं. फवारू का?

ज्यांच्यासाठी झाड लावलं त्याच जेवल्या, एवढंच झालंय. रुजलेलं रुईचं, कढीपत्त्याचं झाड काही आठवड्यांत पुन्हा फुटतं. रोप अगदी लहान असेल तर अळ्या त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावर हलवा, वेगळ्या जातीच्या नको.

कडुनिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण तेही अळ्यांना मारतं. बीटी नावाने मिळणारं जिवाणूजन्य औषध तर खास अळ्यांसाठीच बनवलेलं आहे. दोन्ही पट्ट्यापासून लांब ठेवा. शेजारच्या भाजीच्या वाफ्यावर फवारायचंच असेल तर वारा पडलेला असताना, माश्या परतल्यावर, संध्याकाळी.

रुईवरचा पिवळा मावा अंगावर येईल असा दिसतो, पण काही दिवस थांबा. लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या येतात आणि साफ करतात. फारच झालं तर पाण्याचा फवारा मारा, आधी अंडी-अळ्या नाहीत ना ते बघून. फुलांभोवती मुंग्या दिसल्या तर पावडर टाकू नका. निळ्या फुलपाखरांच्या कितीतरी अळ्या मुंग्यांना गोड स्राव देतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात.

पक्षी अळ्या नेतील. गांधीलमाश्या नेतील. काही अळ्यांतून फुलपाखराऐवजी परजीवी माशीच बाहेर पडेल. याचं वाईट वाटतं हे मान्य, पण ढवळाढवळ करू नये. घातलेल्या अंड्यांपैकी अगदी थोडीच फुलपाखरं होतात. एक मादी इतकी अंडी घालते ती त्यामुळेच.

अळीला हात लावला तर खाज येते का?

फुलपाखरांच्या बहुतेक अळ्या निरुपद्रवी असतात, काटेरी दिसणाऱ्याही. तगर-कण्हेरीवर येणारी, शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी एका सुंदर हिरव्या पतंगाची आहे. तीही काही करत नाही. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नये. नक्की ओळखता येत नसेल तर कुठल्याच अळीला लावू नका.

पाण्याची सोय कशी करायची?

पसरट ताटलीत खडे आणि त्यांच्या मधोमध पाणी, म्हणजे माश्यांना बुडायची भीती नाही. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, डास होणार नाहीत. फुलपाखरांना त्याहून ओला चिखल प्रिय. नर चिखलातून क्षार शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला देतात, अंड्यांसाठी. एक पसरट कुंडी मातीने भरून कायम ओली ठेवली, त्यात थोडं कुजलेलं शेणखत मिसळलं, की झालं. काही जाती फुलांकडे फिरकतही नाहीत. त्यांना आंबलेलं फळ लागतं.

खुळखुळा आणि भुरुंडी यांच्या वाळक्या फांद्यांवर कधी टायगर आणि क्रो यांचे नर थव्याने चिकटलेले दिसतील. ते तिथली अल्कलॉइड द्रव्यं गोळा करत असतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यापासून बनतो. वाळलेली म्हणून ती झाडं लगेच काढू नका.

छाटणी कधी आणि किती?

एका वेळी एक तृतीयांश पट्टा, त्याहून जास्त नाही. फांद्या कापण्याआधी कोष शोधा. तो पानाखाली, काडीला, कुंपणाच्या तारेलाही लटकलेला असतो. कापलेल्या फांद्या जाळू नका, आठ-दहा दिवस झाडाजवळच पडू द्या, म्हणजे त्यावरची अळी परत झाडावर चढेल. पोकळ काड्यांचे वीतभर खुंट उभेच ठेवा. पालापाचोळा झाडाखालीच.

शेजाऱ्यांना हे सगळं दुर्लक्षित रान वाटू शकतं. त्यावर साधा उपाय आहे. पुढची कड सरळ आणि स्वच्छ ठेवा, विटांची किंवा दगडांची एक ओळ लावा आणि झाडांच्या नावांच्या पाट्या खोचा. आत रान असलं तरी कड नीट असली की लोक त्याला बाग म्हणतात.

यातली कोणती झाडं विषारी आहेत?

रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. तोडल्यावर हात धुवा. कण्हेर पूर्ण विषारी आहे. कळलावीचा कंदही विषारी. चित्रकाच्या मुळाने कातडीवर फोड येतात. ईश्वरी पोटात घेऊ नये, तिच्यातली द्रव्यं मूत्रपिंडांना घातक आहेत. लहान मुलं किंवा तोंड घालणारी जनावरं असतील तर रुई-कण्हेर-कळलावी वगळा. कढीपत्ता, कोरांटी, तुळस, अडुळसा आणि गवत एवढ्यावरही चांगला पट्टा उभा राहतो.

फक्त बाल्कनी आहे. काही होईल का?

होईल. बारा ते चौदा इंचांच्या कुंड्यांत कढीपत्ता, चित्रक, कोरांटी आणि जाळीवर अनंतमूळ. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. खूप उंच मजल्यावर वारा आणि अंतर यांमुळे येणारे कमी असतात, पण लाइम बटरफ्लायला एकटं लिंबाचं रोपही पुरतं.

कोष घरात आणून सांभाळावा का? फुलपाखरं विकत आणून सोडली तर?

विकत आणलेली सोडू नका. त्यांच्याबरोबर रोग येतात, आणि तुमच्या भागात त्यांचं झाडच नसेल तर ती काही दिवसांत मरतात. शिवाय भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींमध्ये काही फुलपाखरांचाही समावेश आहे, त्यामुळे पकडणं-बाळगणं हे नुसतं हौसेचं प्रकरण राहत नाही. कोष जिथे आहे तिथेच राहू द्या.

किती दिवसांत फरक दिसेल, आणि तो मोजायचा कसा?

मकरंदाची झाडं फुलली की काही दिवसांत पाहुणे येतात. अंडी घालणाऱ्या माद्या कधी येतील ते आसपास ती जात आहे का यावर अवलंबून असतं. लिंबू आणि रुईवर बहुधा पहिल्याच वर्षी, ईश्वरीवर कदाचित तिसऱ्या. एकही कॉमन रोज किंवा क्रिम्सन रोज न येता नुसता वेलच वाढत राहिला, असंही होऊ शकतं.

मोजायचं असेल तर एक ठरावीक जागा आणि वेळ धरा. आठवड्यातून एकदा, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ऊन असताना पंधरा मिनिटं पट्ट्यासमोर बसा आणि जे दिसेल ते वहीत लिहा. नाव येत नसेल तर ‘लहान निळं, चित्रकावर’ एवढंही चालेल. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर ओळख पटवायला मदत मिळते. आणि फुलांबरोबर पानांच्या खालच्या बाजूचीही नोंद ठेवा. अंडी, अळी, कोष यांच्यासाठी वेगळा रकाना करा.